अब्बांचा मारिओ सावकाश पळायचा

रमजान ईदच्या तिसऱ्या दिवशी आमच्या भोसरीच्या घरात एक वाद झाला आणि त्यात मी हरलो. वाद धर्माचा नव्हता, जमिनीचाही नव्हता. सुपर मारिओ या खेळाचं संगीत किती वेगाने वाजतं, याचा होता.

माझ्या मेहुण्याने दुबईहून निन्टेन्डो स्विच आणला आहे. त्याच्यावर जुने खेळही मिळतात. शीरखुर्मा संपला, मोठी माणसं आडवी झाली, आणि मुलीने १९८५ सालचा पहिला सुपर मारिओ लावला. पहिले दोन-चार सूर कानावर पडताच मी स्वयंपाकघरातून ओरडलो, "अगं, स्पीड वाढवलायस का? नीट लाव." ती म्हणाली, "अब्बू, यात स्पीडचं बटणच नाही." मी बाहेर आलो. चित्र ओळखीचं होतं. तीच विटांची रांग, तेच प्रश्नचिन्हाचे डबे, ढगाला आणि झुडपाला एकच आकार देऊन नुसता रंग बदललेला. पण सगळं घाईत होतं. मारिओ धावत होता की त्याला कुणी ढकलत होतं, कळेना. मी ठामपणे सांगितलं, हे खरं नाही, कुणीतरी नव्या मुलांसाठी ते पळवलेलं आहे. आमचा मारिओ असा नव्हता.

मास्तर माणसाला ठामपणे बोलायची सवय असते. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो, शिवाय उर्दूही शिकवतो. वीस वर्षं वर्गात उभं राहून बोललं की आपल्या आठवणीही आपल्याला पाठ्यपुस्तकासारख्या वाटू लागतात.

माझा भाचा त्या दिवशी घरी होता. तो चाकणला एका कंपनीत आहे. गाडीच्या डॅशबोर्डमधून जे आवाज येतात, पट्टा लावला नाही तर वाजणारी पिंपपिंप, इंडिकेटरची टिकटिक, ते तपासायचं त्याचं काम. मोबाईलवर आवाज मोजायची ॲप्स तो बाळगतो. तो म्हणाला, "मामू, भांडू नका. तुमचं जुनं मशीन आहे ना माळ्यावर? काढू आणि मोजू."

मशीन निघालं. ते निन्टेन्डोचं नव्हतंच. जपानमध्ये १९८३ साली निघालेल्या फॅमिली कॉम्प्युटरची ती नक्कल. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घरोघरी अशाच नकला होत्या. आम्ही त्याला नुसतं 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि कार्ट्रिजला 'कॅसेट'. कॅसेटवर ९९९९ गेम असं छापलेलं असे आणि आत पाच-सात खेळच फिरवून फिरवून दिलेले असत. कॅसेट लागली नाही की तिच्या तोंडात फुंकर मारायची. फुंकरीने काही होत नसावं, काढून पुन्हा बसवल्यानेच ती लागत असावी, पण फुंकरीवर आमचा पूर्ण इमान होता.

हे मशीन अब्बांनी १९९३ च्या दिवाळी बोनसमधून पिंपरी कॅम्पातून आणलं होतं. आमच्या घरात दिवाळीचा बोनस ही फार मोठी गोष्ट होती. ईदचे कपडेसुद्धा पुष्कळदा दिवाळीच्या बोनसवर व्हायचे. अब्बा भोसरी एमआयडीसीत एका छोट्या प्रेस शॉपमध्ये होते. पत्रा कापणे, दाबणे, वाकवणे. गुरुवारी सुट्टी. गुरुवारी दुपारी ते चहाचा कप घेऊन आमच्या मागे खाटेवर बसायचे आणि आम्ही भावंडं पाळीपाळीने मरायचो. ते कधी खेळले नाहीत. फक्त बसायचे, आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर ठेका धरायचा.

आता मोजणी. भाच्याने सोपी युक्ती काढली. पहिल्या पातळीच्या सुरुवातीला वर कोपऱ्यात ४०० हा आकडा असतो. मारिओला जागेवर उभं ठेवायचं, काहीच करायचं नाही. आकडा शून्यावर येतो आणि मारिओ मरतो. मोबाईलच्या घड्याळावर ते किती वेळात होतं ते बघायचं. स्विचवर लागली २ मिनिटं ४१ सेकंद. मग आमचं मशीन टीव्हीला जोडलं. पिवळी वायर, पांढरी वायर, अडॅप्टरला टेप. पहिल्या खेपेला चित्र आलं नाही. कॅसेट काढली. मी फुंकर मारली. आलं.

३ मिनिटं १२ सेकंद.

मुलगी हसायला लागली. "म्हणजे तुमचा मारिओ आळशी होता." भाचा मात्र खूश झाला. त्याच्या हाती हिशेब लागला होता. म्हणाला, १६० आणि १९२, बरोब्बर पाचास सहा.

त्याने जे समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, कारण मला ते फार आवडलं. टीव्हीचं चित्र सलग नसतं, ते सेकंदाला ठरावीक वेळा नव्याने रंगवलं जातं. जपानमधल्या टीव्हीवर ते सेकंदाला सुमारे ६० वेळा होई. आपल्याकडे पाल पद्धत, सेकंदाला ५०. त्याचं मूळ विजेत आहे. आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते आणि टीव्हीची जुनी मापं त्यावरून बेतलेली. (जपानची गंमत अशी की तिथे अर्ध्या देशात वीज ५० ची आणि अर्ध्यात ६० ची आहे, टीव्ही मात्र सगळीकडे ६० चाच ठेवला.) सुपर मारिओ ज्यांनी लिहिला त्यांनी घड्याळ असं वेगळं ठेवलंच नाही. प्रत्येक चित्रागणिक एक पाऊल, हेच त्यांचं घड्याळ. कोपऱ्यातला आकडा २४ चित्रांनी एकदा उतरतो. जपानी टीव्हीवर २४ चित्रं म्हणजे ०.४ सेकंद, आपल्याकडे ०.४८. मारिओची धाव, कासवांची चाल, उडीचा वेळ, सगळं त्याच दोरीला बांधलेलं. संगीतही.

पण संगीतात एक बारकावा आहे आणि तिथे मला खरी गंमत वाटली. जुनी कॅसेट पट्टी सावकाश फिरली तर गाणं संथ होतं आणि गायकाचा आवाजही जाड होतो. सूर आणि ठेका दोन्ही एकत्र खाली येतात. आमच्या मशीनमध्ये तसं होत नव्हतं. भाच्याने ॲप लावून दाखवलं, सूर जवळपास जिथल्या तिथे, फरक कानाला कळणार नाही इतका. कारण सूर किती उंच हे चिपच्या आतला स्फटिक ठरवतो, आणि पुढचा सूर केव्हा वाजवायचा हे चित्रांचा हिशेब ठरवतो. नक्कल करणाऱ्यांनी ५० च्या टीव्हीसाठी चिप बनवताना आतलं गणित असं जुळवलं की सूर टिकला आणि ठेका तेवढा सैल झाला. ज्याने कुणी हे केलं त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. मला मात्र मराठीच्या तासाला हे सांगावंसं वाटतं. मुलांना मी नेहमी म्हणतो, उच्चार आणि वेग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सावकाश वाच, पण 'ष' चा 'स' करू नकोस.

तर मी हरलो होतो आणि हरलोही नव्हतो. खेळ पळवलेला नव्हता, तो असाच लिहिलेला होता. कोजी कोंडो नावाच्या संगीतकाराने तो ठेका ज्या वेगात बांधला तो आम्ही कधी ऐकलाच नव्हता. भोसरीतल्या, पिंपरीतल्या, कदाचित अख्ख्या देशातल्या अशा मशीनवरच्या पोरांनी तो एक षष्ठांश संथ ऐकला आणि तोच पाठ केला. शिवाय तेवढीच आम्हाला उडी मारायला सवलत मिळाली. मी आठव्या दुनियेपर्यंत पोचल्याच्या बढाया शाळेत मारतो, त्यात या सवलतीचा वाटा किती हे आता विचारू नका.

आवाजाबद्दल आणखी थोडं. त्या खेळाचा सगळा पसारा, चित्रं, हालचाल, संगीत, मिळून ४० किलोबाइट. ईद मुबारकचा एक फोटो व्हॉट्सॲपवर येतो तो याहून मोठा असतो. चिपमध्ये आवाजाचे धागे मोजकेच. दोन चिरक्या चौकोनी लाटांचे, एक खालच्या सुराच्या त्रिकोणी लाटेचा, एक नुसत्या खरखरीचा. (पाचवा एक होता, ध्वनिमुद्रित तुकड्यांसाठी, पण मारिओत तो वापरलेला नाही.) वाद्यं एवढीच असल्यामुळे उडीचा आवाज वाजवायला वेगळा वादक नाही. मारिओने उडी मारली की एक धागा संगीत सोडून उडीचं काम करतो आणि परत येतो. आपल्याला कळतही नाही, कारण आपण उडी मारण्यात गुंतलेलो असतो. नाणं घेतल्यावर जी 'टिंग' येते तीही अशीच उधार घेतलेली. चांगल्या घरातल्या बाईसारखं आहे हे, गाणं म्हणता म्हणता पोळी उलटते, आणि गाणं तुटलंय असं कुणालाच वाटत नाही.

चित्राची उधारी मात्र दिसते. एका आडव्या रेषेत आठाहून जास्त हलत्या तुकड्यांना जागा नाही. जास्त आले की ते लुकलुकतात. काँट्रा खेळताना गोळ्या मध्येच गायब व्हायच्या, त्या आम्हाला कॅसेट खराब असल्याच्या वाटायच्या. त्यावरून मी धाकट्या भावाला मारलं होतं. त्याने कॅसेटवर चहा सांडला होता म्हणून. त्याची माफी मागायची राहिली आहे.

एक तक्रार नव्या टीव्हीची. मी खेळायला बसलो आणि पहिल्याच खड्ड्यात पडलो. पुन्हा पडलो. तिसऱ्यांदा पडल्यावर मुलगी दयेने बघायला लागली. भाच्याने सांगितलं, वयाचा दोष अर्धाच आहे. नवा टीव्ही आलेलं जुनं चित्र आधी घेतो, मोठं करतो, नितळ करतो आणि मग दाखवतो. बटण दाबणं आणि उडी दिसणं यात पापणी लवण्याएवढा उशीर होतो. जुना डबा टीव्ही असं काही करत नव्हता, आलेलं तसंच काचेवर फेकायचा. सेटिंगमध्ये जाऊन त्याने गेम मोड लावला, मग जरा बरं झालं. भोसरीच्या भाषेत सांगायचं तर जुन्यात प्ले नव्हता.

हे सगळं चाललेलं असताना अब्बा त्याच खाटेवर बसले होते. खाट तीच आहे, नवार बदलली. त्यांचं वय आता ७६.

गेल्या वर्षी त्यांच्या कानाची तपासणी केली. काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. त्याचा जो आलेख येतो तो मी पुष्कळ वेळ बघत बसलो होतो. डावीकडे, खालच्या सुरांना, रेघ बऱ्यापैकी वर होती. मग ती उजवीकडे सरकत जाते आणि ४००० च्या आसपास खड्ड्यात पडते. डॉक्टरांनी विचारलं, कुठे कामाला होतात? मी सांगितलं, पॉवर प्रेसवर. त्यांनी मान हलवली. गोंगाटाने जाणारा कान याच जागी आधी जातो, म्हणाले. आपल्याकडच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. ९५ असेल तर चारच तास, १०० असेल तर दोन. फॅक्टरी ॲक्टच्या परिशिष्टात गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कामातून झालेला आजार म्हणून नोंदलेला होता. अब्बांच्या शेडमध्ये कुणी कधी डेसिबल मोजले नाहीत. कानात कापूस घालायचे, तोही घरून नेलेला. ती शेड बंद होऊन वीस वर्षं झाली. मालकही गेले. कुणाकडे जाणार?

ज्यांच्या घरी असं माणूस नाही त्यांना एक सांगतो. असा माणूस पूर्ण बहिरा नसतो. त्याला आवाज येतो, शब्द येत नाहीत. बोलण्यातला सूर खालच्या पट्टीत असतो, तो पोचतो. स, श, फ, च ही वरच्या पट्टीतली अक्षरं गळून पडतात. साठ, काठ, पाठ सगळं 'आठ' होतं. भाचा ५० आणि ६० समजावत होता तेव्हा अब्बा मध्येच म्हणाले, "आठ? काय का आठ?" सगळे हसलो. तेही हसले. ते नेहमी सगळे हसले की हसतात, हे मला फार उशिरा कळलं.

कारण लहानपणी आम्हाला वाटायचं, अब्बा रागीट आहेत. हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत. टीव्ही मोठ्याने लावायचे, शेजारचे भिंत ठोकायचे. बोलायचे तर ओरडून. ४२-४३ वर्षांचा माणूस ऐकू न येणारा असेल हे डोक्यातच आलं नाही. बी. एड. ला आम्हाला एक प्रकरण होतं, विशेष गरजा असलेली मुलं. ऐकण्याची अडचण कशी ओळखावी याची लक्षणं मी परीक्षेत लिहून आलो होतो, चांगले गुणही मिळाले होते. घरी येऊन त्याच रात्री अम्मीला म्हणालो होतो, अब्बा मुद्दाम उत्तर देत नाहीत. पुढे वर्गात एका मुलाला तीन महिने 'लक्ष नसतं' म्हणून मागच्या बाकावर बसवलं. त्याचा कान वाहत होता. त्याच्या आईने येऊन सांगितलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो, एवढंच सुचलं.

तर ईदचा तिसरा दिवस. मशीन चालू होतं. अब्बांनी कानातलं यंत्र काढलं आणि खिशात ठेवलं. ते बोलणं ऐकायला बनवलेलं आहे. सलग वाजणारा सूर आला की त्याला ती शिट्टी किंवा पंख्याची घरघर वाटते आणि ते तो दाबायला बघतं. संगीत थरथरत येतं, अब्बा म्हणतात 'पानी में का आवाज'. यंत्र काढून ते उठले आणि टीव्हीशेजारी ठेवलेल्या भाच्याच्या ब्लूटूथ स्पीकरवर तळवा ठेवून उभे राहिले. मग पाय हलायला लागला.

तेव्हा मला कळलं की १९९३ सालीही तो पाय कशावर हलत होता. वरचे दोन चिरके धागे आमचे होते, ज्यांवर आम्ही शिट्ट्या मारायचो. त्यांना खालचा त्रिकोणी लाटेचा धागा ऐकू येत असणार, सगळ्यात खालचा. लाकडी खोक्याचा टीव्ही होता, स्पीकर चांगला होता. आम्ही ज्याला कधी ऐकलंच नाही तेच त्यांचं गाणं होतं. मी भाच्याला म्हटलं, वरचे धागे बंद करून फक्त तो वाजवता येईल का? त्याने मोबाईलवर शोधून लावलं. एकटा ऐकल्यावर तो किती चालतो, कुठे थांबतो, कुठे घसरतो ते कळलं. मला तो आवडला असं म्हणणार नाही. मुलीला तर बोअर झालं.

तिने तिचा स्विच परत जोडला. ६० चा मारिओ सुरू झाला. अब्बांना कुणी काही सांगितलं नव्हतं, वाद काय होता तेही त्यांना माहीत नव्हतं. हात स्पीकरवरच होता. पाच-सहा सेकंद पाय चुकत राहिला. मग त्यांनी हात काढला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "इसकू भोत घाई है."

मुलीने रिमोट ठेवला. मी तिला डोळ्यांनी विचारलं, आता बोल. ती म्हणाली, "दोघं मिळून खोटं बोलताय," आणि आपल्या दादाजींच्या हातात आमच्या जुन्या मशीनचा रिमोट दिला. त्यांनी तो उलटा धरला. तिने सरळ करून दिला आणि उडीचं बटण दाखवलं. पहिल्या मशरूमला धडकून ते मेले. पुन्हा मेले. तिसऱ्यांदा त्यांनी उडी मारली ती मशरूम अजून लांब असताना, आणि तो सावकाश चालत नेमका त्यांच्या पायाखाली आला. "आया क्या आवाज?" मुलीने कानाजवळ जाऊन मोठ्याने विचारलं. त्यांनी मान हलवली, नाही. पण ते हसत होते, आणि या वेळी आमच्यापैकी कुणी आधी हसलं नव्हतं.

तेवढ्यात असरची अजान झाली. गल्लीच्या टोकाला मशीद आहे, तरी त्यांच्यापर्यंत आवाज पोचत नाही. मुलीने नेहमीसारखं दोन्ही हात कानाला लावून खूण केली. ते उठले, रिमोट खाटेवर ठेवला आणि जाता जाता अडॅप्टरला हात लावून बघितला. "गरम हुआ. बंद कर, जलेगा." प्रेसवरच्या माणसाचा हात आहे, तापलेलं लगेच कळतं. मी प्लग काढला.